आसरा माहेरी आल्या

माझी आई सांगायची, मी जन्मले तेव्हा रडले नाही, सुईणीशी भांडले. खरंखोटं देव जाणे, पण घरात माझ्या तोंडापुढे कुणाची मात्रा चालत नसे एवढं खरं. वडील कल्याणला शाळामास्तर. दिवसभर वर्गात ‘गप्प बसा’ म्हणून घसा कोरडा करायचे आणि घरी आल्यावर उरलासुरला घसा माझ्यावर खर्ची घालायचे. अशा मुलीच्या पदरी पुढे कोणतं काम यावं? गप्प बसण्याचं! तेसुद्धा उभी हयात.

नातवंडं विचारतात, “आजी, तू नोकरीत काय करायचीस?” मी म्हणते, “बसायची.” त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. यंदा या अंकाच्या संपादकांनीही तोच प्रश्न विचारला, तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं, म्हणजे मीही सुटेन आणि तेही.

आमची संस्था लहानशी. मुरबाडला एक भाड्याचं घर, त्यात पहारी, टिकाव, घमेली आणि दोरखंडांचा ढीग, आणि त्या ढिगातच कुठेतरी आमचं ऑफिस. मुंबईचे काही सज्जन वर्षाला देणगी द्यायचे, त्यावर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या खेड्यांत काम चालायचं. संस्थेचे प्रमुख नाना. बुटके, गोरे, नेहमी खिशात चणे. नानांचा नियम एकच, पण वज्रलेप: कार्यकर्त्यानं गावात जाऊन राहायचं. गाव विचारत नाही तोवर उपाय सांगायचा नाही. गाव पहिला दगड उचलत नाही तोवर आपण दगडाला हात लावायचा नाही. गावानं एकदा ठरवलं की हत्यारं, गवंडी, लागेल ते सामान आमचं. मात्र ठरवणार गाव, राबणार गाव आणि मागून राखणारही गावच.

हा नियम नानांना काही स्वप्नात सुचला नव्हता. शहापूरकडच्या एका खेड्यात आमच्या एका उत्साही सहकाऱ्यानं कुणाला न विचारता स्वखुशीनं सुंदर संडास बांधले. दारं, कौलं, सगळं झकास. पुढच्या वर्षी नाना पाहायला गेले तर आत कोंबड्या! गावकऱ्यांनी आदरानं सांगितलं, “लय उपकार झालं तुमचं. मुंगूस आत शिरत नाय, एक अंडं फुकट जात नाय.” नाना तिथेच ओट्यावर बसून चणे खाऊ लागले आणि चणे संपेपर्यंत नियम तयार झाला, असं आमच्यात म्हणत.

तर मला पाठवलं उंबरवाडीला. धसईच्या बाजारापासून टोकावड्याकडे जाताना डोंगराच्या बाजूला आत वळायचं, तिथे हे गाव. शेती भाताची, माणसं कष्टाळू, आणि गावाच्या पायात नारू. आजच्या मुलांना नारू ठाऊक नाही, म्हणून सांगते. नारू म्हणजे दोऱ्यासारखा, हातभर लांब किडा. तो माणसाच्या अंगात वाढतो आणि पायाला फोड आणून तिथून बाहेर निघतो. अंगार पडल्यासारखी आग होते. पाय भोपळ्यासारखा सुजतो, माणूस कित्येक दिवस उठत नाही. आणि मेला निघतो कधी? तर नेमका भाताच्या लावणीच्या दिवसांत. सगळा शिवार चिखल करून तयार, रोपं हातभर आलेली, आणि निम्मं गाव ओट्यावर पाय पसरून कण्हतंय. दरसालचं हेच.

गावात पाणी प्यायला एकच विहीर, जुनी, दगडी पायऱ्यांची. तिला बाव म्हणत. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात जात आणि हंडे भरत. ज्याच्या पायाला नारूचा फोड आला असेल तोही आग शमवायला त्याच पाण्यात पाय बुडवून बसे. तिथेच सगळी मेख होती. फोडातून नारूची पिल्लं पाण्यात उतरत, पाण्यातले बारीक किडे ती गिळत, आणि तेच पाणी हंड्यातून घरोघर जाई. आज प्यायलेला नारू वर्षभरानं पायातून निघे. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि रहाटानं पाणी ओढायचं, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही आणि नारू संपेल. इतकं सोपं होतं. इतकं सोपं असून मी बोलायचं नव्हतं!

भातं झोडून झाल्यावर थंडीत मी उंबरवाडीला पोचले. पोलीस पाटलांना सांगितलं, “मी मुरबाडच्या संस्थेची. तुमच्या गावात राहणार आहे. तुम्हाला काही करावंसं वाटलं तर मदत करीन.” पाटील वयस्कर, भारदस्त माणूस. त्यांनी माझ्या कपाळाचं कुंकू पाहिलं, गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, पाठीमागे कुणी पुरुषमाणूस येतोय का पाहिलं, आणि खोल निःश्वास सोडून म्हणाले, “ठमाआजीच्या पडवीत ऱ्हावा.”

ठमाआजी एकटी होती. कमरेत वाकलेली, पण नजर घारीची. तिचं काम नारू ओढायचं. फोडातून नारूचं टोक दिसलं की ती ते एका बारीक काडीला गुंडाळी आणि रोज थोडं थोडं, अगदी हलक्या हातानं, काडी फिरवी. घाई केली आणि नारू आत तुटला तर पाय कायमचा आखडायचा. लावणीच्या दिवसांत तिच्या ओट्यावर रांग लागायची, त्यामुळे तिला स्वतःला त्या दिवसांत शेताचं तोंड दिसत नसे.

रोज सकाळी मी बावेच्या काठावर उंबराखाली जाऊन बसू लागले. बायका आल्या की हंडा डोक्यावर द्यायला हात लावायचा, पोरं धरायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. पोटात व्याख्यान उकळतंय आणि तोंडाला झाकण! खाली पाण्यात पाय बुडवून हंडा भरणारी बाई दिसली की माझा जीव असा कासावीस व्हायचा की मी पदराचं टोक चावत बसायची. त्या हिवाळ्यात माझ्या तीन लुगड्यांचे पदर फाटले.

इकडे गावाला कोडं पडलं होतं. धडधाकट, लग्नाची बाई, एकटी येते, कुणाकडे काही मागत नाही, काही विकत नाही, बावेवर बसते आणि पदर चावते. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. नवऱ्याशी भांडून आलीय! बायका माझ्याकडे कणव करून बघायला लागल्या. कुणी वालाच्या शेंगा आणून दिल्या. एकीनं तर “सगळ्याच सासवा तशाच गो,” म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, गाव खुलतंय. मी बापडी खूश.

आणि एक दिवस पाटील दोन जाणत्यांना घेऊन गाडी जुंपून गेले, ते थेट शहापूर तालुक्यात, आसनगावच्या बाजूला. आमचे हे तिकडे त्याच संस्थेचं काम करत होते. हा पत्ता मीच ठमाआजीला गप्पांत सांगितला होता. आता आमचे हे म्हणजे मूळचेच घुमे. नानांचा नियम त्यांच्यासाठी नव्हताच, ते जन्मतःच तो पाळत होते. पाटलांनी त्यांना उभं आडवं घेतलं. “बायकू अशी परगावी टाकत्यात? शिकल्यालं दिसताव आनि अक्कल नाय?” आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “बरं, चला.” आणि खुशाल गाडीत बसले!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी ठमाआजीच्या दारात उभी. सगळं गाव गोळा. पाटलांनी ह्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणलं.

“पोरी,” पाटील म्हणाले, “जावयबापू आलेत. झालं गेलं इसर.”

“अहो, काय झालं? काय गेलं?” मी ओरडले. “तुम्ही इथे कसे?”

हे म्हणाले, “पाटील ‘चला’ म्हणाले.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत की आपलं भांडण नाही?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

“मी कंदी रागावलो नाय, असं म्हनत व्हते वाटंनं,” पाटलांनी लोकांना सांगितलं. गावभर चुकचुकाट झाला. “बगा, किती सोसतोय बिचारा!” कुणीतरी म्हणालं. माझा संताप झाला, मग हसू फुटलं, मग दोन्ही एकदम. मी पाटलांच्या पाया पडून सगळं समजावलं. हे दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून परत गेले. जाताना मला हळूच म्हणाले, “गाव चांगलं आहे. आपल्याला न विचारता आपलं भलं करतं.”

हे झालं म्हणून पुढचं झालं. मी नवऱ्यासोबत गेले नाही हे पाहून दुसऱ्याच दिवशी हिरू बावेवर माझ्या शेजारी येऊन बसली. हिरू तिशीच्या आतबाहेरची, उंच, सडसडीत. तिच्या नवऱ्याचा नारू आत तुटून गुडघा आखडला होता, तो घरी बसून दोर वळायचा. शेती हिरू एकटी बघायची. शेत मालकाचं, हे कूळ. आदल्या वर्षी हिरूलाच नारू निघाला आणि निम्मं शेत लावायचं राहिलं. मालकानं निरोप धाडला होता की पुन्हा शेत पडीक दिसलं तर दुसऱ्या कुळाला देईन. तिच्या घरात तेवढं एक शेतच होतं.

“बाई, भांडान नाय, मंग तुमी खरंच कशाला आलाव?” तिनं विचारलं.

“तुम्हाला काही करायचं असलं तर मदतीला.”

तिनं रिकामा हंडा बाजूला सारला. मग म्हणाली, “नारू जाईल काय?”

अहाहा! तो प्रश्न! त्या प्रश्नावर मी जीव ओवाळून टाकला असता. आणि मग मी जी सुटले, ती सुटले. नानांनी ऐकलं असतं तर खिशातले सगळे चणे मला बक्षीस दिले असते. मी बावेतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं आणि त्यातले टुणटुण हलणारे पांढरे ठिपके तिला दाखवले. तिनं चार बायकांना हाक मारली. त्यांनी आणखी चौघींना. “ह्ये आमी पितो?” एकीनं विचारलं आणि तोंडाला पदर लावून शेताकडे पळाली. संध्याकाळी मारुतीसमोर पाटलांनी गाव बसवलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही, हिरूच सगळं बोलली. मी सांगितलेलं एक मात्र तिनं लोकांना दोनदा ऐकवलं: पायऱ्या आत्ता बुजवल्या तरी येत्या लावणीला नारू निघेल, कारण तो गेल्या वर्षी प्यालेला आहे. गुण दिसेल तो त्याच्या पुढच्या लावणीला. माना डोलल्या. गावानं ठरवलं की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्या बुजवायच्या.

वैशाखात मुरबाडहून गवंडी आला, चुना आला, लोखंडी रहाट आला. पाटील पहार घेऊन बावेत उतरणार, तोच ठमाआजी वरच्या पायरीवर आडवी उभी राहिली.

“खाली आसरा हायत,” ती म्हणाली. “सातीजनी. त्यांना जित्तं गाडताव काय?”

सगळ्यात खालच्या पायरीवर शेंदूर लावलेले सात दगड होते. पाण्यातल्या देवी, सात आसरा. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला आली की त्यांची ओटी भरी, नवी नवरी त्यांना हळदकुंकू वाही. पाटलांच्या हातातली पहार खाली आली. गवंड्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, “मी नाही बाबा.” लोक एकेक करून निघून गेले. गवंडी दुसऱ्या कामाला बांधलेला, चार दिवसांत जाणार. पावसाला अवकाश थोडा.

त्या दिवशी मी काय गिळलंय ते माझं मला माहीत. देव कुठे असतो, दगड म्हणजे काय, माणसाचा जीव मोठा की दगड, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि मला हेही कळत होतं, की ते बोलले असते तर मी वादात जिंकले असते आणि बाव तशीच राहिली असती. मी ठमाआजीच्या चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापत बसले.

तिन्हीसांजेला हिरू आली. आजी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. हिरू तिच्याजवळ बसून खडे वेचायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

“आजी, आसरा बायकाच ना गो?”

“बायका नाय तर काय बाप्ये?”

“मंग त्या माहेरी कंदी जात्यात?”

आजीचं सूप थांबलं.

“जल्म गेला त्यांचा पान्यात,” हिरू म्हणाली. “आमी सनाला माहेरी जातो. चार दिस पाय पसरून बसतो. त्यांचं काय?”

आजीनं सूप खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, “त्यांना न्यायला कोन जानार?”

“आपून जाऊ.”

आत माझी भाकरी तव्यावर करपत होती. मी ती उलटलीसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून.

सकाळी ठमाआजी काठी टेकत घरोघर गेली. आसरांना वर आणायचं, उंबराखाली, माहेरी. पण तिच्या अटी होत्या. दगडांना बाप्याचा हात लागायचा नाही. ढोल वाजवणाऱ्यांनी पाठमोरं उभं राहून वाजवायचा. आणि ज्या बाईला नारू झालाय तिनंच आसरा उचलायची, कारण आसरांनी तिच्या पायाला हात लावलेला आहे. झालं! सात आसरा आणि नारू झालेल्या बायका गावभर. ज्या दुखण्यापायी इतकी वर्षं रडल्या, त्याचाच मान मिळवायला भांडणं जुंपली. “मला दोनदा झालाय!” “माझा हातभर व्हता!” मी म्हटलं, मीही एक उचलते. ठमाआजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुला कुठं नारू झालाय? सरक तिकडं.” मी सरकले.

अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. नवी लुगडी, हातभर हिरव्या बांगड्या, पाठमोरे ढोलकरी. सातजणी पाण्यातून एकेक ओला दगड पदरात घेऊन पायऱ्या चढत होत्या आणि बाकीच्या माहेरी आलेल्या लेकीला म्हणतात ती गाणी म्हणत होत्या. पहिली आसरा हिरूच्या पदरात होती. उंबराखाली सारवलेल्या ओट्यावर सातींना बसवलं, ओट्या भरल्या, तांदळाची खीर ठेवली. पाटलांच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. मग ठमाआजीनं काठी आपटून गावाला बजावलं, “आता आसरा वर आल्या. खाली राखन करायला कोनी नाय. जो पान्यात पाय घालील त्याचं तो बघील!” इतकी कडक नोटीस कुठल्या कचेरीतून निघाली नसती.

दुपारी पाटलांनी पहिला दगड पायरीवर टाकला. गवंड्यानं पुढचं काम लांबवलं. पावसाच्या तोंडाला कठडा उभा राहिला, रहाट कुरकुरायला लागला.

आणि लावणी आली. नारूही आला. पाटलांना आला, गवंड्याच्या हाताखाली राबलेल्या पोरांना आला, हिरूलाही आला. गेल्या वर्षी प्यायलेला नारू तो, येणारच होता. पण मारुतीसमोर माना डोलवल्या होत्या ते ऐन दुखण्यात कुणाला आठवतंय? “आसरा कोपल्या,” अशी कुजबुज उठली. पाटील सुजल्या पायानं लंगडत, चारपाच माणसं आणि पहारी घेऊन कठडा फोडायला निघाले. मी पावसात त्यांच्यामागे धावले. आता नियम गेला खड्ड्यात म्हणून तोंड उघडलं, तर समोर पाहते काय, कठड्यावर हिरू बसलेली. पायाला पाला बांधलेला, त्यातून ठमाआजीची काडी बाहेर आलेली, ओठ वेदनेनं पांढरे. तिच्या दोन्ही अंगांना बायकांची रांग.

“सरक गो हिरू,” पाटील म्हणाले.

“पाटीलमामा, ह्यो मागल्या वर्साचा नारू हाय. मी सांगितलं व्हतं, तुमी मान हलिवली व्हती.”

“देवाचं काम हाय पोरी. त्यांना पुन्ना खाली न्यायला पायजे.”

हिरू उसळली. “पोर माहेरी आली आनि पयल्याच सनाला तिला हाकलताव? तुमच्या लेकीला हाकलली काय कंदी?”

पाटलांना तीन मुली. त्यांनी उंबराखालच्या सातींकडे पाहिलं. मग पहार त्या कठड्यालाच टेकवून ठेवली आणि लंगडत घरी गेले. मी भिंत बांधली असती तर त्या दिवशी ती फुटली असती. ती त्यांच्या लेकींच्या माहेराची भिंत होती म्हणून राहिली.

पण हिरूचं शेत? ती तर उठू शकत नव्हती. त्या सात बायकांपैकी ज्यांचे पाय धड होते त्यांनी सावड केली. सावड म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनं राबणं. सगळ्यांत आधी त्यांनी हिरूचं शेत लावलं. गावानं पहिला हात घातला होता, तेव्हा मलाही घालायला हरकत नव्हती. मी चिखलात उतरले. माझ्या रोपांच्या रांगा बघून बायका हसून हसून बांधावर बसल्या. शेत मात्र भरलं, मालकाला बोलायला जागा उरली नाही. त्या वर्षापुरती.

एक हळहळ मात्र सांगते. त्या पायऱ्या फार सुबक होत्या. त्यांवर बसून बायका सुखदुःखं बोलायच्या. रहाटावर पाणी पटकन भरतं आणि बायका पटकन जातात. दुसरा उपाय नव्हता, तरी त्या पायऱ्या माझ्या स्वप्नात येतात.

त्यानंतर नानांनी माझी बदली ह्यांच्याजवळ शहापूरकडे केली. नवराबायकोला एका ठिकाणी ठेवा, असं पाटलांनी मुरबाडला जाऊन नानांना दमच दिला होता. पुढच्या लावणीपर्यंत उंबरवाडीचा काही निरोप आला नाही. जर्मनीशी लढाई सुरू झाली होती, येणंजाणं कमी. निरोप नाही हे चांगलं की वाईट, कळेना. एका माणसाला जरी नारू निघाला असला तरी कठडा गेला असणार. हिरूचं शेत गेलं असणार. मला अन्न गोड लागेना.

लावणीच्या ऐन भरात नाना एका मुंबईच्या देणगीदारांना घेऊन निघाले, मीही सोबत. मोटारीनं मुरबाड, पुढे बैलगाडी, शेवटी चिखल. देणगीदार सज्जन, पण त्यांचा एक बूट पहिल्याच ओहोळात राहिला. गावात शिरलो. गाव रिकामं. एका ओट्यावर माणूस नाही. दारं ओढून घेतलेली, पावसाची तेवढी टपटप.

“गाव उठून गेलं की काय?” देणगीदार म्हणाले.

मी धावत बावेकडे गेले. कठडा जागेवर होता. रहाटाला नवा दोर, हिरूच्या नवऱ्यानं वळलेला असणार. उंबराखाली शेंदूर ल्यालेल्या सातीजणी, आणि त्यांच्याजवळ घोंगडी पांघरून ठमाआजी एकटीच.

“आजी! कुठे गेले सगळे?”

“कुठं जातील? शेतावं.”

“सगळे?”

“घरात पडून ऱ्हायाला काय तरी दुखाया पायजे ना गो!” आजीनं दोन्ही हात माझ्यासमोर उघडे धरले. “यंदा एक पाय आला नाय माझ्या ओट्यावं. एक नाय. काड्या तशाच हायत. मी बसून बसून कटाळले.”

मी तिला तिथेच मिठी मारली आणि ढसाढसा रडले. आजी म्हणाली, “येडी झाली काय? चल, मला शेतावं ने. कवाधरनं लावनी बघितली नाय मी.”

मी आजीचा हात धरून बांधावर आले. मागून नाना, आणि एका बुटात देणगीदार. सगळा शिवार माणसांनी भरलेला. पाटील गुडघाभर चिखलात नांगराच्या मागे. हिरू तिच्या शेतात, सरळ पायांवर, ओणवी. ठमाआजीनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि रोपांची जुडी मागून घेतली. बायकांनी एकच गलका केला.

देणगीदारांनी हिरूला बांधाजवळ बोलावलं. “बाई, हे सगळं केलं कुणी?”

“आमी,” हिरू म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही, दुसरं कोण करणार?

“आणि या बाईंनी काय केलं?” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हिरूनं चिखलाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले आणि विचार केला. कसून विचार केला.

“ही? ही बसली व्हती बावेवं.”

नानांना ठसकाच लागला, चणा घशात अडकला. देणगीदार गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. हिरूला वाटलं, आपलं काही चुकलं. तिनं माझा हात धरला, सगळा चिखल माझ्या हाताला लागला.

“पन तसं येऊन बसाया तरी कोन येतंय, सायब?” ती म्हणाली. मग मला खाली ओढत म्हणाली, “चला बाई, ही जुडी धरा. आनि यंदा रांग सरळ लावा.”